कॅरॅव्हॅन आली, पण सराई कुठे आहे?

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी केरळनेही आपले धोरण आणले. कल्पना सुंदर आहे. चाकांवरचे घर, आत पलंग, छोटे स्वयंपाकघर, शौचालय. नवरा-बायकोने निघावे, वाटेल तिथे थांबावे, सकाळी उठून पडदा सरकवला की समोर तलाव. गाडी उभी करायला कॅरॅव्हॅन पार्क, तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय. धोरणाची बातमी वाचली तेव्हा मला आनंद झाला आणि हसूही आले. हसू त्या शब्दाचे होते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांची ही खोड जात नाही. कॅरॅव्हॅन म्हणजे आपलाच कारवाँ. फारसीतून युरोपात गेला, इंग्रजांच्या तोंडात बसला, त्यांनी त्याचे शेपूट तोडून ‘व्हॅन’ केले आणि ती व्हॅन आज आपल्या शाळेच्या फाटकाशी पोरे उतरवते. कारवाँ इंग्रजी कपडे घालून परत आला, सरकारने त्याचे स्वागत केले. पण कारवाँ जिथे रात्री उतरायचा, ती सराई? तो शब्द मात्र कुणाला आठवला नाही. मुक्काम, मुसाफिर, मजल दरमजल, सराई हे सगळे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की आपण प्रत्येक पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहितो आणि त्यातला मु. अरबी आहे हे कुणाच्या ध्यानातही नसते. शब्द राहिला, मुक्कामाची जागा गेली.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्याकडे साध्या जोडप्याला प्रवासात अडचण गाडीची नसते. पाहण्यासारख्या ठिकाणांची तर नाहीच नाही. अडचण रात्रीची असते. रात्र कुठे काढायची, हा प्रश्न सरकारने श्रीमंतांसाठी सोडवला, लॉजवाल्यांनी आपल्यासाठी बिकट केला आणि आपल्या समाजाने तो विचारायचाच नाही असे ठरवून टाकले. तिघांशीही मला भांडायचे आहे. सुरुवात घरापासून करतो.

उमरखेडच्या आमच्या मोहल्ल्यातल्या चाळिशीच्या कुठल्याही बाईला विचारा, गेल्या दहा वर्षांत गावाबाहेर रात्र कुठे काढली? उत्तरे ठरलेली आहेत. माहेरी. नात्यातल्या लग्नात, हॉलमध्ये चाळीस बायकांच्या रांगेत. नांदेडला किंवा हैदराबादला, दवाखान्याच्या व्हरांड्यात. मंगरुळपीरला किंवा कंधारला, उर्समध्ये. बस्स. नवऱ्यासोबत, कुणाच्या लग्नाशिवाय, कुणाच्या आजाराशिवाय, कुठल्या मन्नतीशिवाय, नुसते बघायला म्हणून? असे विचारले की बाई पदर तोंडाला लावून हसते. जणू काही आपण चावट प्रश्न विचारला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे पाच रात्री बाहेर राहिलो. माझ्या साडूची ईको गाडी आहे. तो आठवडी बाजारांत कपडा विकतो, त्यामुळे गाडीत पुढच्या दोन सीटा आणि मागे सपाट मोकळी जागा. दिवाळीनंतर त्याचे बाजार थंड असतात. मागे गादी टाकली, एक वळकटी, पाण्याचा कॅन, वुझूचा लोटा, छोटा स्टोव्ह, दोन पिशव्या. आमची कॅरॅव्हॅन तयार. तर शाळेतले एक सहकारी म्हणाले, “सर, एवढ्या पेट्रोलमध्ये अजमेर झालं असतं.” घरातले एक बुजुर्ग म्हणाले, “औरतज़ात को लेकर सड़क पे सोओगे?” मी मौलाना साहेबांना विचारले. ते म्हणाले, शौहर सोबत आहे तर प्रश्नच काय आहे?

प्रश्न खरोखरच नाही. ज्या दीनमध्ये मुसाफिराला चार रकातींच्या दोन करून दिल्या, रमजानचा रोजा पुढे ढकलायची सवलत दिली, जकातीच्या आठ हकदारांमध्ये वाटेत अडकलेल्या प्रवाशाला, म्हणजे इब्नुस्सबीलला, हक्काची जागा दिली, जमिनीवर फिरा आणि बघा असे कुरआनाने एकदा नव्हे, अनेकदा सांगितले, त्या दीनचे आम्ही मानणारे. आणि आमचा सफर म्हणजे दर्गा, दवाखाना आणि दावत! बायकांच्या एकट्या प्रवासावर वाद घालणारे पुष्कळ आहेत, तो वाद वेगळा. पण नवरा-बायकोच्या प्रवासावर तर कुणाचाच आक्षेप नाही. तरी आपण जात नाही. मग हे धर्माचे कारण नाही. ही सवय आहे, थोडी कंजुषी आहे, आणि पुष्कळशी भीती आहे. भीतीबद्दल पुढे बोलतो, कारण ती सगळी खोटी नाही.

निघण्यापूर्वी आमच्यात एक वाद झाला, तो सांगण्यासारखा आहे. मी यादी केली होती. लोणार, सिंदखेडराजा, साखरखेर्डा, अजिंठा, येताना मंगरुळपीर. प्रत्येक ठिकाणापुढे सन, सनावळ्या, काय बघायचे, किती वेळ. मास्तराची यादी. पत्नीने ती वाचली आणि विचारले, “इसमें रात कहाँ है?” मी म्हणालो, बघू, मिळेल कुठेतरी. तिचे उत्तर जसेच्या तसे देतो: “तुम किला देखो. मैं पहले संडास देखूँगी.”

आणि यादी उलटी झाली. आधी मुक्काम, मग त्या मुक्कामाच्या टप्प्यात येणारी ठिकाणे. मला वाटते प्रवासाची पुस्तके, टूरवाल्यांची पत्रके, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळे पुरुषांनी केलेले असते. त्यात पाहायला सगळे असते, झोपायला काहीच नसते. पुरुषाचे काय, तो धाब्याच्या खाटेवर पडतो आणि सकाळी शेतात जातो. बाईने संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करायचे, कारण रात्री जायचे कुठे? पोट दुखेपर्यंत आवरून धरणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी आपल्या घरात पाहिल्या आहेत आणि त्याला ‘प्रवासात तिला त्रास होतो’ असे नाव दिले आहे.

पत्नीच्या कसोट्या साध्या होत्या. संडासाला आतून कडी हवी, आणि तिथे जाताना कुणाकडे किल्ली मागावी लागू नये. पाणी नळाचे किंवा टाकीचे, पण वाहते हवे. रात्रभर जळणारा एक दिवा. त्या आवारात एक तरी बाई राहत असावी, मालकीण असो, रखवालदाराची बायको असो. आणि गाडीचे तोंड रस्त्याकडे, मागे अडकायला नको. एवढेच. नजारा, तलाव, सूर्योदय, यातले काही नाही. मी तिला म्हटले, सरकारी धोरण लिहायला तुला बोलावायला पाहिजे होते. ती म्हणाली, त्यांच्या गाडीतच संडास असतो, त्यांना कुठून सुचणार.

या कसोट्यांवर आमच्या रस्त्यावरच्या किती जागा उतरल्या? थोड्या. एका पेट्रोल पंपावर शौचालय होते, बाहेर ‘महिला’ अशी सुबक पाटी, आणि दाराला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर घरी. दुसऱ्या ठिकाणी सगळे होते, पण दिवा दहाला बंद व्हायचा. लॉज म्हणजे सोपा उपाय, असे तुम्ही म्हणाल. एका रात्री पाऊस आला, गाडीत झोपणे शक्य नव्हते. गावाचे नाव घेत नाही, लॉजचेही नाही. फोन केला, दोन खोल्या रिकाम्या होत्या. पाच मिनिटांत पोहोचलो. काउंटरवरच्या पोराने आधार कार्ड घेतले, नाव वाचले, पत्नीच्या बुरख्याकडे पाहिले, आत जाऊन आला. “सर, रूम फुल्ल झाल्या.” तो चांगला मुलगा होता, त्याला लाजही वाटत होती. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या अंधारात होत्या, किल्ल्या त्याच्या पाठीमागे खिळ्यांना लटकत होत्या.

वाचकांपैकी जे मुसलमान आहेत त्यांना यात नवीन काही नाही. जे नाहीत त्यांना मी सांगतो, हे रोज होत नाही. बहुतेक ठिकाणी होत नाही. पण कुठे होईल हे आधी कळत नाही, आणि म्हणून प्रत्येक काउंटरसमोर उभे राहताना पोटात गोळा येतो. प्रवासाचा अर्धा आनंद तिथेच जातो. भारताच्या संविधानाच्या पंधराव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. विहिरी, तलाव, घाट, रस्ते हेही त्यात आहेत. ते कलम दलितांना पाणवठ्यावर आणि खाणावळीत जाऊ न देणाऱ्या समाजाला डोळ्यासमोर ठेवून लिहिले गेले. त्याच कलमाचा आधार माझ्या बायकोलाही आहे. लॉजवाले म्हणतात, आमची खाजगी जागा. पाटी लावून पैसे घेऊन खोली देता, तेव्हा ती नुसती खाजगी राहत नाही, मालक.

इंग्रजांनी १८६७ साली सराई कायदा केला होता. त्यांना लोकांची कणव होती असे मी म्हणत नाही, त्यांना रोगराईची आणि चोरांची धास्ती होती. पण त्या कायद्यात सराई चालवणाऱ्यावर कोणती कर्तव्ये टाकली होती बघा: खोल्या, ओसऱ्या, गटारे साफ ठेवायची. पाण्याची विहीर स्वच्छ ठेवायची. भिंती, फाटके दुरुस्त ठेवायची. गरजेइतके रखवालदार ठेवायचे. दरपत्रक दिसेल तिथे लावायचे. माझ्या पत्नीच्या पाच कसोट्यांपैकी निम्म्या तर यातच आल्या. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर का होईना, हे सुचले होते. आज चौपदरी रस्त्यांवर सुचत नाही. आमच्या गावावरून नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग जातो. रस्ता झकास झाला आहे, नाकारत नाही. गाडी सुसाट जाते. पण मुसाफिर हा फक्त जाणारा नसतो, थांबणाराही असतो. वाशीम-बुलढाण्याकडे आम्ही समृद्धी महामार्गही ओलांडला. सातशे एक किलोमीटर! शहरातून शहरात जाणाऱ्यांसाठी तो ठीक असेल. ज्यांना सिंदखेडराजा बघायचे त्यांनी खालचा रस्ताच धरावा.

आता सराईविषयी, कारण ही काही माझ्या डोक्यातली हवा नाही. अजिंठ्याची लेणी पाहायला जाणारा प्रत्येक माणूस फर्दापूरला पोहोचतो. तिथल्या फाट्यावर गाडी ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर लेण्यांच्या बसने जायचे. (सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. वेरूळ मंगळवारी.) पण त्या फर्दापुरात मुघल काळातली एक सराई आहे, हे किती जणांना ठाऊक असते? तशीच एक घाटाच्या वर, अजिंठा गावात. उत्तरेतून बुऱ्हाणपूरमार्गे दख्खनेत येणारे व्यापारी, फौजी, हाजी, फकीर या घाटात रात्र काढायचे. बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातली अकबरी सराई आहे, तीही याच वाटेची. चौकोनी आवार, चारी बाजूंनी कमानींच्या खोल्या, मोठा दरवाजा, रात्री तो बंद. आत पाणी, नमाजची जागा. घोडा बांधायला अंगण. मी फर्दापूरच्या सराईसमोर उभा राहिलो तेव्हा मला आपल्या सुलतानांचा नि बादशहांचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. तो अभिमान मिरवणारे आपल्यात पुष्कळ आहेत, दौलताबादच्या बुरुजावर बायकोला उभे करून इतिहासाचे भाषण देणारे. मला फक्त वाटले, या माणसांना रात्रीचा प्रश्न समजला होता.

आणि तो फक्त त्यांनाच समजला होता असेही नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा, शेणगावचे. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना रात्र काढायला जागा केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या हवाली केली. बाबा स्वतः आयुष्यभर फिरते राहिले आणि १९५६ च्या डिसेंबरात त्यांचा प्राणही अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, गाडीतच गेला. स्वतःसाठी त्यांनी झोपडी बांधली नाही, मुसाफिरांसाठी इमारती बांधल्या. नांदेडला हजूर साहिबच्या लंगरात बसा. तिथे तुमचे नाव विचारत नाहीत, डोके झाकायला सांगतात, ते आम्हाला सवयीचेच आहे. मुसाफिराला जागा देणे हे या मुलखात कुठल्या एका धर्माचे काम कधीच नव्हते.

तेव्हा भीतीचे सांगतो. आम्ही पाच रात्री निघालो, त्यातल्या तीन रात्री अनोळखी माणसांनी आपल्या आवारात गाडी घ्यायला सांगितली. एक धाबा, तिथली मालकीण स्वतः गल्ल्यावर बसायची. तिने पत्नीला घरातली न्हाणी दाखवली. लॉजमधून परत फिरलो त्या पावसाच्या रात्री एका विठ्ठल मंदिराच्या सभामंडपाशेजारी पत्र्याचे शेड होते. म्हातारे पुजारी होते. मी सवयीने आधी नाव सांगितले, म्हणजे पुढे गैरसमज नको. ते म्हणाले, “नाव राहू द्या गुरुजी, गाडी आत घ्या, भिजता की काय.” सकाळी फजरला पत्नीने शेडमध्येच मुसल्ला अंथरला, पलीकडे काकड आरती चालू होती. यात मला गंगा-जमनी वगैरे शब्द वापरायचे नाहीत, त्यांचा आता चोथा झाला आहे. पुजाऱ्यांनी एका जोडप्याला पावसातून आत घेतले. लॉजच्या मालकाने घेतले नाही. दोन्ही खरे आहे, आणि एकाने दुसरे पुसले जात नाही. मला मात्र माझ्या बायकोची रात्र कुणा चांगल्या माणसाच्या भेटण्यावर सोडायची नाही. चांगली माणसे भेटतातच. पण तो हक्क असायला हवा, नशीब नको.

ठिकाणांबद्दल थोडे, कारण काही वाचक फक्त त्यासाठी इथवर आले असतील.

आपली पैनगंगा बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. आम्ही साधारण तिच्या वरच्या अंगाला गेलो, म्हणजे आपल्याच नदीच्या माहेराकडे. लोणारला एक पूर्ण दिवस द्या. बेसाल्टच्या खडकात उल्केने पाडलेला खड्डा, काठापासून काठापर्यंत जवळजवळ पावणेदोन किलोमीटर, तळाशी खारे पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले होते, त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला. गावातले दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, त्याच्या भिंतींवरची शिल्पे पाहायला सकाळचे ऊन बरे. सरोवराच्या काठाला रात्री गाडी लावायचा विचार करू नका, ते अभयारण्य आहे, मुक्काम गावात करा. मी उर्दूच्या पोरांना दरवर्षी सांगतो की भूगोल पुस्तकाबाहेर आहे. तिथे उतरताना पत्नी म्हणाली, ऐसा लगता है अल्लाह ने उँगली रख के दबाया.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे, तिथे जिजाऊंचा जन्म झाला. लखुजींच्या समाधीची इमारतही पाहा, केवढी आहे! त्याच तालुक्यात साखरखेर्डा. १७२४ साली इथे निजामुल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनेत आसफजाही सत्तेचा पाया पडला. हैदराबादची जी गोष्ट आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असायची, तिची पहिली ओळ बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात लिहिली गेली. निजामाने गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले, लोकांनी साखरखेर्डाच चालू ठेवले. मला लोकांचे बरोबर वाटते. तिथे पर्यटक कुणी नव्हता.

आमच्याच तालुक्याचे काय? सहस्रकुंडचा धबधबा एका काठाने आपल्या मुरलीचा, दुसऱ्या काठाने नांदेडच्या इस्लापूरचा. पावसाळ्यात बघावा, पण नदीपात्रात गाडी किंवा तंबू लावू नये, वर इसापूरचे धरण आहे आणि पाणी कधी सोडतील ते नदीला विचारून सोडत नाहीत. बंदी भागात पैनगंगा अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत मुक्काम नाही, आणि तेच बरोबर आहे. माहूरला जा. रेणुकामाता, दत्तशिखर, किल्ला, सोनापीरचा दर्गा, वझऱ्याचा शेख फरीद धबधबा, सगळे एका डोंगराच्या आसपास. आपले लोक सोनापीरला जाऊन परततात, हिंदू बांधव रेणुकेला जाऊन परततात. किल्ला बिचारा दोघांच्या मध्ये ओस पडलेला. नवरात्रात आणि दत्तजयंतीला मात्र मुक्कामाची आशा ठेवू नका.

इथे दोन गटांशी माझे जमत नाही. एक म्हणतो, मुसलमानाने आपला इतिहास बघावा, दर्गे, मशिदी, मकबरे. दुसरा आमच्याकडून अपेक्षा करतो की आम्ही प्रत्येक मंदिरासमोर उभे राहून फोटो काढून आपली देशभक्ती सिद्ध करावी. मला दोन्ही याद्या नकोत. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर पत्नी किती वेळ उभी राहिली, ते मी घड्याळात बघितले नाही. ती शिवणकाम करते, तिला त्याच्या मुकुटाच्या आणि दागिन्यांच्या नक्षीत रस होता. तिला ते बौद्ध आहे की हिंदू हे आठवतही नव्हते. पाहणे यालाच म्हणतात. परत येऊन तिने एका कुर्त्याच्या गळ्याला तसली वेल काढली, ती आता मोहल्ल्यात तिघींनी मागितली.

सरकारला काय मागायचे, ते स्पष्ट लिहितो. मोठ्या कॅरॅव्हॅन पार्कांना माझा विरोध नाही, होऊ द्या. पण प्रत्येक तालुक्याच्या गावी, बसस्थानकाच्या किंवा बाजार समितीच्या आवारात दहा गाड्यांची जागा, पाण्याची टाकी, बायकांसाठी आतून कडी असलेले चार संडास, रात्रभर दिवा, एक रखवालदार, भिंतीवर दरपत्रक. पन्नास रुपये घ्या, शंभर घ्या. नाव वहीत लिहा, पण खोली देण्यासाठी नाव वाचू नका. याला कुणी पर्यटन म्हणणार नाही, म्हणून होत नाही. बाजाराला येणाऱ्या शेतकरणी, रात्रीच्या एसटीची वाट बघणाऱ्या बाया, ऊसतोडीला निघालेली कुटुंबे, सगळ्यांना ती लागेल. नाव हवे असेल तर मुसाफिरखाना म्हणा, धर्मशाळा म्हणा, कॅरॅव्हॅन पार्क म्हणा. कारवाँच आहे सगळा.

आणि आपल्या समाजाला. आपल्या मशिदींच्या, मदरशांच्या आवारांत जागा आहे, पाणी तर आहेच, वुझूखाना आहे. बायकांसाठी संडास किती ठिकाणी आहे? शादीखान्यांचे आवार वर्षातले कित्येक दिवस रिकामे असते. तिथे एका मुसाफिर जोडप्याची गाडी रात्री उभी राहिली तर काय बिघडते? मुसलमानच असावे अशी अट न घालता म्हणतोय मी. विठ्ठल मंदिराच्या पुजाऱ्यांनी घातली नव्हती. आपण संविधानाचे कलम दुसऱ्याला दाखवतो, तेव्हा आपल्या फाटकाची कडीही जरा तपासावी.

जे निघणार आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून, एसी लावून कधीही झोपू नका. धुराच्या विषाने माणूस झोपेतच जातो, कळतही नाही. काच दोन बोटे उघडी ठेवा, जाळी लावा. स्टोव्ह गाडीच्या बाहेर. दुसरे, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, एक ठिकाण कमी बघा. आमचा चौथा दिवस मी भोकरदनजवळ असईच्या रणभूमीचा हट्ट धरला असता तर फर्दापूरला रात्री दहा वाजले असते. पत्नीने ‘नाही’ म्हटले. १८०३ ची लढाई आहे, पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कंधारकडे जायचे आहे. राष्ट्रकूटांपासून बहमनी, निजामशाहीपर्यंत सगळ्यांनी सांभाळलेला भुईकोट किल्ला आणि हाजी सय्याह सरवर मगदूमांचा दर्गा. उन्हामुळे निघणे पहाटे, थांबणे दुपारी. कंधार किंवा लोहा भागात कुणाच्या आवारात गाडीला जागा, पाणी आणि कडी असलेला संडास असेल तर कळवा, भाडे देऊ. आणि तुम्ही नागपूर-नांदेड रस्त्याने उमरखेडवरून जात असाल तर आमच्या अंगणात एका गाडीची जागा आहे. दिवा रात्रभर असतो. संडास अंगणातच आहे, कडी मागच्या महिन्यात नवीन बसवली. आदल्या दिवशी कळवा, म्हणजे पत्नी भाकरीचे पीठ जास्त मळेल.